घरच्या वायफायला दोन चाव्या असतात, दुसरी कुणाकडे आहे?

घरात नवीन ब्रॉडबँड येते तो दिवस बहुतेक घरांत सारखाच असतो. कंपनीचा माणूस ड्रिल मशीन घेऊन येतो, खिडकीच्या चौकटीतून बारीकशी केबल आत घेतो, टीव्हीच्या मागे एक पांढरी डबी लावतो आणि विचारतो, ''पासवर्ड काय ठेवू?'' घाईघाईत कुणीतरी सांगते, ''माझा मोबाइल नंबरच टाका, लक्षात राहील.'' दहा मिनिटांत सगळ्यांचे फोन जोडले जातात. माणूस सही घेऊन निघून जातो. त्यानंतर त्या डबीकडे कुणाचे लक्ष जाते ते थेट नेट बंद पडल्यावरच.

पण तेव्हा काम अर्धेच झालेले असते. कारण या डबीला, म्हणजे राउटरला, एक नाही तर दोन चाव्या असतात. पहिली चावी म्हणजे वायफायचा पासवर्ड. ती सगळ्यांना माहीत असते. दुसरी चावी म्हणजे राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा पासवर्ड. त्याला अॅडमिन पासवर्ड म्हणतात. पहिल्या चावीने घरात येता येते, दुसऱ्या चावीने घराचे कुलूपच बदलता येते. गंमत म्हणजे ही दुसरी चावी आहे हेच अनेक घरांत कुणाला ठाऊक नसते. ती बऱ्याचदा डबीच्या खालच्या स्टिकरवर छापलेली असते आणि कित्येक जुन्या राउटरमध्ये तर ती चक्क 'अॅडमिन' हाच शब्द असते.

या दोन्ही चाव्या आपल्या हातात घ्यायला रविवारच्या सकाळचा अर्धा-पाऊण तास पुरतो. कॉम्प्युटर लागत नाही, हातातला मोबाइल पुरेसा आहे.

कनेक्शन तुमच्या नावावर, प्रश्नही तुम्हालाच

''आमच्या वायफायमध्ये चोरण्यासारखे आहे तरी काय?'' असे अनेकांना वाटते. त्यांच्यासाठी एक जुनी पण खरी घटना.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल आला होता. पोलिसांनी तो कुठून आला याचा माग काढला आणि ते पोहोचले नवी मुंबईत राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या घरी. ईमेल त्याच्या इंटरनेट कनेक्शनवरून गेला होता. त्याची चौकशी झाली, कॉम्प्युटर तपासासाठी नेले गेले. प्रत्यक्षात त्याच्या वायफायला पुरेसे संरक्षण नव्हते आणि त्याचाच फायदा दुसऱ्यांनी घेतला होता. पुढच्या दोन महिन्यांत असेच ईमेल माटुंग्याच्या एका कॉलेजच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून गेले. पुढे पोलिसांनी या ईमेलप्रकरणी अटक केली ती वेगळ्याच लोकांना.

असे होते कारण प्रत्येक कनेक्शनला इंटरनेटवर एक क्रमांक मिळतो. त्याला आयपी अॅड्रेस म्हणतात. कोणत्या वेळी कोणता क्रमांक कोणत्या ग्राहकाकडे होता याची नोंद कंपनीकडे असते. त्या नोंदीत तुमच्या शेजाऱ्याचे किंवा गेटबाहेर गाडीत बसलेल्या अनोळखी माणसाचे नाव नसते, कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याचे असते. तुम्ही निर्दोष आहात हे शेवटी सिद्ध होईलही, पण तोवरचा मनस्ताप कुणी भरून देत नाही.

दुसरा धोका दुसऱ्या चावीचा आहे. २०१६मध्ये 'मिराय' नावाच्या एका घातक प्रोग्रामने जगभरातले सीसीटीव्ही कॅमेरे आणि घरगुती राउटर ताब्यात घेतले. त्यासाठी त्याने कोणतीही जादू केली नव्हती. कंपनीने कारखान्यातून दिलेल्या साठेक नावा-पासवर्डांच्या जोड्या तो एकामागून एक लावून बघत होता आणि लाखो घरांत त्या कधी बदललेल्याच नव्हत्या. अशा उपकरणांच्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी केलेल्या हल्ल्यामुळे ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास अनेक ठिकाणी कोलमडल्या. ज्यांचे कॅमेरे त्यात वापरले गेले, त्या घरांना याचा पत्ताही नव्हता.

आधी जागा नीट निवडा

सुरक्षेआधी जागेचे बघू, कारण केबल एकदा ठोकली की जागा बदलणे अवघड जाते. तंत्रज्ञ दाराजवळची सोयीची जागा शोधतो. तुम्ही घराची मधली जागा सुचवा. राउटर उंचावर, मोकळ्या जागी असावा. लोखंडी कपाट, फिशटँक, आरसा आणि टीव्हीची मागची बाजू टाळा. धातू आणि पाणी लहरी अडवतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही दूरच बरा, कारण तो आणि वायफाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करतात.

आजकालच्या बहुतेक राउटरमध्ये दोन बँड असतात. २.४ गिगाहर्ट्झचा वेग कमी, पण तो भिंती ओलांडून लांब जातो. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त, पण दोन जाड भिंतींपलीकडे तो दमतो. म्हणून राउटरच्या खोलीतल्या टीव्ही आणि लॅपटॉपला ५ चा बँड आणि आतल्या खोलीतल्या फोनला २.४ चा असा हिशेब ठेवा. वायफायवर चालणारे बल्ब आणि स्वस्त कॅमेरे तर बऱ्याचदा फक्त २.४ वरच जोडले जातात.

फायबरची केबल काचेच्या तंतूची असते. ती दाराच्या फटीत चेमटू देऊ नका किंवा कोपऱ्यात काटकोनात वाकवू नका. डबीवर 'लॉस'चा दिवा लाल दिसला तर बाहेरून येणारा सिग्नलच तुटलेला असतो. अशा वेळी पासवर्डशी खटपट करू नका, सरळ कंपनीला कळवा. वीज वारंवार जात असेल तर राउटरचा छोटा यूपीएस मिळतो. अडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिले आहेत ते बघून तेवढ्याच व्होल्टचा घ्या.

राउटरच्या आत कसे शिरायचे?

१. मोबाइल घरच्या वायफायला जोडा आणि मोबाइल डेटा बंद करा. डेटा चालू राहिला तर पुष्कळदा सेटिंगचे पान उघडतच नाही आणि आपण उगाच वैतागतो.

२. डबीच्या खालच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. त्यावर राउटरचा पत्ता, यूजरनेम आणि पासवर्ड असतो. पत्ता साधारण १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा दिसतो. स्टिकर पुसला असेल तर फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कच्या नावावर टॅप करा. तिथे 'गेटवे' किंवा 'राउटर' यापुढे हाच आकडा मिळेल.

३. ब्राउझरमध्ये जिथे वेबसाइटचे नाव लिहितो तिथे हा आकडा लिहा. लॉगिनचे पान उघडेल. काही कंपन्यांचे स्वतःचे अॅपही असते, त्यातूनही हीच कामे होतात.

स्टिकरवरचा पासवर्ड चालत नसेल तर तो तंत्रज्ञाने बदललेला असू शकतो. ग्राहक सेवेला फोन करून मागा. कनेक्शनचे पैसे तुम्ही भरता, त्यामुळे संकोच करायचे कारण नाही. काही कंपन्या ग्राहकाला मोजकीच सेटिंग उघडून देतात. मग उरलेले बदल त्यांच्याकडून करून घ्या आणि झाले की नाही ते समोर बघा.

दुसरी चावी आधी बदला

आत गेल्यावर सगळ्यात पहिले काम अॅडमिन पासवर्ड बदलण्याचे. हा पर्याय बहुधा 'सिस्टीम', 'मॅनेजमेंट' किंवा 'अॅडमिनिस्ट्रेशन' या मेनूत सापडतो. वायफायचाच पासवर्ड इथेही टाकू नका. नाहीतर ज्या पाहुण्याला वायफाय दिले, त्याच्या हाती दोन्ही चाव्या गेल्या.

ही चावी चुकीच्या हाती गेली तर काय होते? राउटरमध्ये डीएनएस नावाची एक सेटिंग असते. ती इंटरनेटची टेलिफोन डिरेक्टरीच समजा. तुम्ही बँकेचे नाव लिहिता आणि डीएनएस त्याचा क्रमांक शोधून देते. कुणी ही डिरेक्टरीच बदलली तर तुम्ही नाव बरोबर लिहूनही खोट्या पानावर पोहोचू शकता. अशा वेळी ब्राउझर सहसा 'हे कनेक्शन सुरक्षित नाही' असा इशारा देतो. बँकेच्या पानावर असा इशारा आला तर 'तरीही पुढे जा' हे बटण कधीच दाबू नका.

याच मेनूत 'रिमोट मॅनेजमेंट' किंवा 'रिमोट अॅक्सेस' असा पर्याय असेल तर तो बंद करा. तो चालू असला की तुमच्या राउटरचे लॉगिन पान बाहेरच्या इंटरनेटवरूनही उघडू शकते. घरातल्या सेटिंगसाठी त्याची गरज नसते.

मोबाइल नंबरचा पासवर्ड का नको?

आता पहिल्या चावीकडे वळू. मोबाइल नंबर दहा आकडी असतो, म्हणून तो भक्कम वाटतो. पण आपल्याकडचा मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ नेच सुरू होतो. म्हणजे एकूण शक्यता झाल्या ४०० कोटी. आकडा मोठा दिसतो, पण तो माणसासाठी मोठा आहे. तुमचा फोन वायफायला जोडला जातो तेव्हाचे संदेश कुणी बाहेर बसून टिपून घेतले तर सगळे नंबर नंतर घरी बसून लावून बघता येतात. गेम खेळण्यासाठी बनवलेल्या ताकदवान कॉम्प्युटरला त्यासाठी काही तास पुरतात. शिवाय तुमचा नंबर शेजाऱ्याला, दूधवाल्याला आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपला माहीत असतोच!

वायफायचा पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा ठेवता येतो. या मोकळिकीचा फायदा घ्या. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहा आणि मध्ये एखादा आकडा घाला. एखादी भाजी, एखादे नाते, घरातली एखादी वस्तू, आजोळचे एखादे झाड अशी मोट बांधली की वीस-पंचवीस अक्षरे सहज होतात. आजीच्याही लक्षात राहतात आणि बाहेरच्याला सुचत नाहीत. मुलांची नावे, जन्मतारखा, गाडीचा नंबर आणि देवांची नावे मात्र टाळा. अंदाज लावणारा तिथूनच सुरुवात करतो.

वायफायचे नाव ठेवतानाही भान ठेवा. आडनाव आणि फ्लॅट नंबर घातलेले नाव म्हणजे कोणते नेटवर्क कोणत्या दारामागे आहे याची पाटीच. राउटरच्या कंपनीचे आणि मॉडेलचे मूळ नावही बदला.

तीन सेटिंग जरूर बघा

सिक्युरिटीचा प्रकार : 'डब्ल्यूपीए३' मिळत असेल तर तो निवडा. यात संदेश टिपून घरी बसून अंदाज लावण्याची युक्ती चालत नाही. जुने फोन जोडले जात नसतील तर 'डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३' असा मिश्र पर्याय किंवा 'डब्ल्यूपीए२-एईएस' ठेवा. 'ओपन' किंवा 'डब्ल्यूईपी' कधीही नको. डब्ल्यूईपीचे कुलूप २००१मध्येच तुटले आहे. तुमच्या राउटरमध्ये तेवढाच पर्याय असेल तर राउटर बदलायची वेळ झाली असे समजा.

डब्ल्यूपीएस : पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा आठ आकडी पिन टाकून जोडण्याची ही सोय. पण राउटर हा पिन दोन तुकड्यांत तपासतो, त्यामुळे कोट्यवधी नव्हे तर जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडू शकतो. हे २०११मध्ये उघड झाले. ही सोय बंद करून टाका.

फर्मवेअर : फोनला अपडेट येते तसे राउटरलाही येते. ऑटो अपडेटचा पर्याय असेल तर चालू करा, नसेल तर दोन-तीन महिन्यांनी एकदा तपासा. अपडेट सुरू असताना राउटरची वीज बंद करू नका.

आणखी दोन युक्त्या लोक हमखास सुचवतात. वायफायचे नाव लपवणे आणि ठरावीक उपकरणांनाच परवानगी देणे. दोन्हींचा उपयोग मर्यादित आहे. लपवलेले नाव साध्या अॅपने सापडते आणि उपकरणाची ओळखही नक्कल करता येते. त्यावर वेळ घालवण्यापेक्षा पासवर्ड लांब ठेवणे कधीही चांगले.

पाहुण्यांसाठी वेगळे दार

गणपतीत किंवा दिवाळीत घर भरले की चहाच्या आधी वायफायचा पासवर्ड विचारला जातो. नाही म्हणणे बरे दिसत नाही आणि प्रत्येक वेळी पासवर्ड बदलणेही शक्य नसते. यावर उपाय म्हणजे 'गेस्ट नेटवर्क'. त्याच राउटरवर वेगळ्या नावाचे, वेगळ्या पासवर्डचे हे दुसरे वायफाय. पाहुण्यांना इंटरनेट मिळते, पण सहसा तुमच्या लॅपटॉपपर्यंत, प्रिंटरपर्यंत किंवा कॅमेऱ्यापर्यंत पोहोचता येत नाही. सण आटोपला की ते बंद करा.

स्मार्ट बल्ब, वायफायचा प्लग, स्वस्तातला कॅमेरा अशा वस्तूही या नेटवर्कवर ठेवता येतात. त्यांना अपडेट क्वचित मिळतात, म्हणून त्या घरातल्या फोनपासून दूर असलेल्याच बऱ्या. स्मार्ट टीव्हीवर फोनमधले फोटो दाखवायचे असतील तर मात्र तो मुख्य नेटवर्कवर ठेवावा लागेल. कॅमेऱ्याच्या अॅपचा पासवर्डही आठवणीने बदला. तो राउटरच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो.

घरात कोण कोण जोडलेले आहे?

राउटरमध्ये 'कनेक्टेड डिव्हायसेस' नावाची यादी असते. महिन्यातून एकदा ती बघा. घरातली उपकरणे मोजा : फोन, लॅपटॉप, टीव्ही, कॅमेरा. यादी त्यापेक्षा लांब निघाली तर लगेच घाबरू नका. नवे फोन स्वतःची ओळख बदलून जोडले जातात, त्यामुळे ओळखीचा फोनही अनोळखी दिसू शकतो. एकेका फोनचे वायफाय बंद करून कोणते नाव यादीतून जाते ते बघा. तरीही एखादे नाव उरलेच तर वायफायचा पासवर्ड बदला. सगळी उपकरणे तुटतील आणि ज्यांना नवा पासवर्ड सांगाल तीच परत जोडली जातील.

हे काम मुलांच्या ऑनलाइन तासाच्या किंवा ऑफिसच्या मीटिंगच्या आधी करू नका. टीव्ही, कॅमेरा, प्रिंटर सगळे नव्याने जोडावे लागते. हेच राउटर मुलांच्या फोनसाठी रात्री ठरावीक वेळी नेट बंदही करू शकते. 'पेरेंटल कंट्रोल' या मेनूत ते सापडेल. मात्र मुलांना विश्वासात घेऊन करा, कारण मोबाइल डेटा चालू करायला त्यांना एक सेकंद लागतो.

भाड्याच्या घरात आणि दूरच्या आईबाबांकडे

नोकरीसाठी बंगळुरू, हैदराबाद, इंदूर असे घर बदलत फिरणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. नव्या घरात आधीच राउटर असेल तर जुन्या भाडेकरूला दोन्ही चाव्या माहीत आहेत असेच धरून चाला आणि घरमालकाला विचारून त्या बदला. घर सोडताना आपला राउटर परत करायचा असेल तर कनेक्शन बंद झाल्यावर तो रीसेट करा. मागच्या बारीक छिद्रात टाचणी घालून साधारण दहा सेकंद दाबून धरले की सगळी सेटिंग पुसली जातात. चालू कनेक्शनवर हा प्रयोग सहज म्हणून करू नका. कंपनीची सेटिंगही जातात आणि तंत्रज्ञाला पुन्हा बोलवावे लागते.

आईबाबा गावी एकटे राहत असतील तर पुढच्या भेटीत त्यांच्या राउटरसाठी अर्धा तास काढा. दोन्ही पासवर्ड ठळक अक्षरांत एका वहीत लिहा आणि वही कपाटात ठेवा. राउटरवर किंवा फ्रिजवर कागद चिकटवू नका. त्यांना एक गोष्ट बजावून सांगा. ''ब्रॉडबँड कंपनीतून बोलतोय, हे अॅप डाउनलोड करा, ओटीपी सांगा,'' असा फोन आला तर काही न करता ठेवून द्यायचा आणि बिलावर छापलेल्या नंबरवर स्वतः फोन करून विचारायचे.

फसवणूक होऊन पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त. फोन किंवा कॉम्प्युटरमध्ये घातक प्रोग्राम शिरल्याची शंका असेल तर केंद्र सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'च्या वेबसाइटवर तपासणीची मोफत साधने मिळतात.

येत्या रविवारची यादी

• अॅडमिन पासवर्ड बदलला
• वायफायचे नाव बदलले, पासवर्ड वीस अक्षरांचा केला
• डब्ल्यूपीए३ किंवा डब्ल्यूपीए२-एईएस निवडले
• डब्ल्यूपीएस आणि रिमोट मॅनेजमेंट बंद केले
• फर्मवेअर तपासले
• गेस्ट नेटवर्क तयार केले
• दोन्ही पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवले

वेळ कमी असेल तर निदान पहिल्या दोन गोष्टी आजच करा. घरातल्या एखाद्या दहावी-बारावीच्या मुलाला किंवा मुलीला सोबत घ्या आणि यादी त्यांच्या हाती द्या. दोन्ही चाव्या कुठे ठेवल्या आहेत हे घरातल्या दोघांना तरी माहीत असू द्या.